गादीवाल्याचा ठिपका

अकोट फैलातल्या आमच्या गल्लीत सर्वांत भित्रं कोण, असं विचारलं तर लहान पोरगंही शकीलाभाभींच्या दाराकडे बोट दाखवील. भाभी कुकरच्या शिट्टीला घाबरतात. दुपारी फोन वाजला तर घाबरतात आणि संध्याकाळपर्यंत वाजला नाही तरी घाबरतात. पाल मारायला शेजारचा माणूस बोलावतात आणि ती मेली की तिची पिल्लं आता सूड घेतील म्हणून रात्रभर दिवा चालू ठेवतात. अशा बाईच्या नशिबात देवानं नवरा कोण द्यावा? तर घरातून सायकल काढली की दुसऱ्या दिवशी उगवणारा.

इनायतुल्ला गादीवाले, वय अठ्ठावन्न. त्यांचे वालीद पिंजारी. थंडीच्या तोंडाशी सायकलला पिंजण बांधायचे, मागं पोराला बसवायचे आणि आपातापा, म्हैसांग, दर्यापूर अशी गावं घेत घरोघरचा कापूस पिंजून द्यायचे. ते पिंजण आता दुकानात खुंटीवर टांगलेलं आहे. खाली इनायतभाई रुईच्या गाद्या भरतात आणि समोरच्या फोमवाल्या दुकानाकडे पाहून उसासे टाकतात. त्यांची एक खोड साऱ्या अकोल्याला ठाऊक. कुठं काही मऊ दिसलं की तळहात दाबून पाहिल्याशिवाय माणूस पुढं सरकत नाही. लग्नात नवरदेवाचा कोच दाबतील, यष्टीची सीट दाबतील. एकदा तर डॉक्टरनं तपासायला झोपवलं, तर यांनी आधी पलंग दाबला आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, यात रुई नाई, चिंध्या हायेत."

त्याच डॉक्टरनं चार वर्षांपूर्वी साखर वाढल्याचं सांगितलं. म्हणाला, थोडी सायकल चालवत जा. त्यातलं 'थोडी' तेवढं इनायतभाईंच्या कानाबाहेरच राहिलं. वर्षभरात ते कुठल्याशा क्लबात दाखल झाले आणि एक दिवस भाभींना समोर बसवून त्यांनी सारा कायदा समजावला.

"हे पाह्य. नोव्हेंबर ते ऑक्टोबर, असं त्याहीचं वर्ष. त्या वर्षात चार फेऱ्या. दोनशे किलोमीटर, तीनशे, चारशे अन् सहाशे. चारही झाल्या त पदक भेटते, परदेशातून येते. एक बी राहिली त सारं वर्ष बाद. पुन्हा दोनशेपासून."

"अन् रस्त्यात काही झालं त?"

"त आपलं आपण पाहाचं. घरचं कोणी मदतीले आलं त बाद. फक्त कंट्रोलवर चालते."

कंट्रोल म्हणजे रस्त्यातली ठरलेली ठिकाणं. तिथं क्लबचं माणूस बसतं, कार्डावर शिक्का मारतं. त्या जागी बायकोनं पंखा घातला, सासूनं पोळ्या लाटल्या, तरी कोणी काही म्हणत नाही. पण दोन कंट्रोलच्या मधात घरच्याच्या हातचा पाण्याचा घोटही हराम.

पहिल्या वर्षी सहाशेत चेन तुटली. दुसऱ्या वर्षी जे झालं ते गल्लीत अजून हळू आवाजात सांगतात. चारशेची फेरी होती. भाभींना काही राहवलं नाही. त्यांनी खिमा-रोटीचा डबा बांधला, पोराच्या, म्हणजे अफनानच्या हाती दिला आणि मोटरसायकलवर मूर्तिजापूरच्या पुढं पाठवला. वऱ्हाडात माणूस दारावरून उपाशी गेला तर घराला कमीपणा येतो. इथं तर घरधनीच उपाशी चालला होता. इनायतभाई मैलाच्या दगडावर बसले. पोरानं आणलेल्या डब्याला नाही म्हणायला त्यांचा जीव झाला नाही. दोन घास खाल्ले आणि पुढच्या कंट्रोलवर जाऊन स्वतःच सांगून टाकलं. फेरी बाद झाली, वर्ष बाद झालं. घरी येऊन त्यांनी सायकलचे बूट दुकानातल्या पिंजणाशेजारी टांगले आणि एक शब्द बोलले नाहीत. रागावले असते तर भाभी रडून मोकळ्या झाल्या असत्या. आठ दिवस ते नुसते गाद्यांना टाके घालत बसले. भाभींनी कानाची पाळी धरून तोबा केली: मरेन, पण यांच्या मागं जाणार नाही.

यंदा तिसरं वर्ष. दोनशे झाली, तीनशे झाली, चारशे झाली. सहाशेची फेरी ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी, म्हणजे वर्षातली शेवटची संधी. अमरावतीहून निघायचं, मधला मोठा वळसा घालून अकोल्याला यायचं आणि आपातापा, म्हैसांग, दर्यापूर करत रविवारी रात्री दहाच्या आत अमरावतीला परत. शनिवारी पहाटे भाभींनी त्यांच्या उजव्या दंडाला इमाम जामीन बांधला. प्रवासाला निघालेल्या माणसाला कापडात नाणं गुंडाळून बांधतात, तो. गाठ इतकी करकचून मारली की इनायतभाई म्हणाले, "हात तरी जागेवर राहू दे, ब्रेक दाबाचा हाय."

रविवारी दुपारी बायपासच्या पंपावर अकोल्याचा कंट्रोल होता. भाभी दहीभात घेऊन हजर, हक्कानं. नवरा आला आणि त्याला पाहून त्यांच्या हातातला चमचा थांबला. डोळे लाल, ओठ फुटलेले, चेहऱ्यावर मिठाचे पांढरे ओघळ. माणूस रात्रभर झोपला नव्हता. साऱ्या गावाला झोपवून दिलं आणि स्वतःचीच झोप दुकानात ठेवून आला. त्यांनी दहीभातात चहा ओतला आणि तसाच खाल्ला. मग पंपावरच्या पोराच्या खांद्याला हात लावून म्हणाले, "दिवाळीच्या आधी खोळ बदलून देतो, घाबरू नको."

पोरगं हसलं. भाभी हसल्या नाहीत.

"थोडं पडून घ्या न इथं."

"नाई. इथं पडलो त उठणार नाई. दर्यापूरले झोपतो, कंट्रोलवर. पक्कं."

"रेतीचे टिप्पर राह्यते त्या रोडले."

"मी बाजूनं जातो."

"टिप्पर बी बाजूनंच येते!"

त्यांनी शिक्का मारलेलं कार्ड कमरेच्या बटव्यात टाकलं, मोबाईलही त्यातच टाकला आणि निघाले. गंमत पहा, रस्ता आमच्याच गल्लीच्या तोंडावरून जातो. पोरंसोरं टाळ्या वाजवत उभी होती. इनायतभाईंनी मान तिकडं वळवलीच नाही, कारण दार उघडं होतं आणि दारातून स्वतःच्या हातानं भरलेली गादी दिसत होती.

घरी येऊन भाभी मोबाईल घेऊन बसल्या. अफनान आता पुण्याला असतो. त्यानं अब्बांच्या फोनची जागा आईच्या फोनवर दिसेल अशी सोय करून दिली होती. नकाशावर एक निळा ठिपका, त्याचं नाव अब्बा. ठिपका हलला की भाभींचा श्वास चालू आणि थांबला की बंद. आपातापा गेलं. पुढं म्हैसांग आलं. तिथं नकाशावर पूर्णा नदीची निळी रेघ आहे. ठिपका त्या रेघेजवळ आला, ओलांडल्यासारखा झाला आणि थांबला.

पाणी पीत असतील, म्हणून भाभी थांबल्या. मग आठवलं, तो खारपाणपट्टा. तिथलं विहिरीचं पाणी कोण पिते? चेन चढवत असतील. त्यांनी डोळे मिटून दुआ म्हटली आणि उघडून पाहिलं. ठिपका तिथंच. मोठा करून पाहिला, तर ठिपका रेघेच्या इतका जवळ की काठावर आहे की पाण्यात, ते कळेना. अशा वेळी नकाशानं दोन बोटं दूर दाखवायला काय जातं? पण त्याला कुठं बायको आहे.

फोन लावला. वाजला, वाजत राहिला, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. वाजत होता हेच जास्त वाईट. बंद असता तर बॅटरी गेली म्हणता आलं असतं. एवढ्यात अफनानचाच आला.

"अम्मी, अब्बांचा ठिपका..."

"हलेल," भाभी म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. पोराच्या तोंडून ते वाक्य पुरं ऐकायची त्यांची छाती नव्हती.

दर्यापूरच्या कंट्रोलवर रागिणीताई नावाच्या क्लबच्या बाई बसणार होत्या. त्यांचा नंबर लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. बाहेरच.

मग भाभी अंगणातून दारापर्यंत आणि दारातून अंगणात फिरू लागल्या. शेजारचे जानराव कट्ट्यावर दाढी करत बसले होते. यष्टीचे रिटायर ड्रायव्हर, दारात जुनी व्हॅन. त्यांनी साबण लावलेल्या तोंडानंच विचारलं, "काय झालं भाभी? पाल निंगाली का?"

भाभींनी मोबाईल पुढं केला. जानरावांनी एक गाल तसाच ठेवून ठिपका पाहिला आणि त्यांचाही आवाज बदलला.

"चाला. गाडी काढतो."

"नाई."

"काहून नाई?"

"मी गेली त बाद होते. मांगच्या वर्षी मीच बुडवलं. पुन्हा मीच बुडवू का? तीन साल झाले भाऊ. त्याहीनं मले एक शब्द बोलला नाई, म्हणून मी गेली नाई पाहिजे."

"अन् तिकडं टिप्परानं उडवलं असन त?"

बोलून जानरावांनी जीभ चावली, पण शब्द बाहेर पडला होता. जी गोष्ट भाभी घटकाभर मनातल्या मनात हाकलत होत्या, ती आता अंगणात येऊन उभी राहिली. गेल्या, तर नवऱ्याचं वर्ष जातं. न गेल्या, आणि खरंच काही झालं असलं, तर? त्यांनी डोक्यावरून ओढणी घेतली.

"दुरून पाहीन. जवळ जाणार नाई. जिता दिसला त तशीच वापस. तुमी हॉर्न बी वाजवाचा नाई."

"नाई वाजवत."

"कुराणाची आण."

"माहादेवाची घेतो, चालीन?"

असे दोघं निघाले. जानरावांचा एक गाल गुळगुळीत आणि दुसरा पांढरा. यष्टीत तीस वर्षं काढलेला माणूस. प्रत्येक फाट्यावर त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा, जणू कोणी उतरणार आहे. रस्त्याच्या दोहीकडे कापूस फुटून पांढरा झालेला, तूर डोक्याएवढी. भाभींना त्यातलं काही दिसत नव्हतं. त्या नजर रस्त्याच्या कडेला लावून बसल्या होत्या: सायकल शोधायची, आणि ती आडवी दिसू नये म्हणून दुआही करायची. कडेला पडलेलं पोतं दिसलं की त्या सीटवरून अर्ध्या उठायच्या. काळं टायर दिसलं की पुन्हा. एका ठिकाणी कोणाची तरी लाल चप्पल, एकच. भाभींनी ती मागं जाईपर्यंत मान वळवून पाहिली. नवरा सायकलीचे बूट घालून गेलाय, हे त्यांना ठाऊक होतं. तरी पाहिली.

म्हैसांगच्या पुलावर माणसं जमली होती. पंधरा-वीस जण कठड्यावर वाकून खाली नदीत पाहत होते.

जानरावांनी गाडी हळू केली. "भाऊ, तुमी पाहा. मी नाई पाहत." त्यांनी ओढणी तोंडात धरली आणि डोळे घट्ट मिटले. जानराव उतरले. त्यांचा जायचा आवाज आला, मग काहीच आला नाही. त्या तेवढ्या वेळात भाभींनी मनातल्या मनात पुण्याला अफनानला फोन केला, घर झाडून पाहुण्यांसाठी सतरंज्या टाकल्या आणि दुकानाचं शटर खाली ओढलं. जानरावांनी दार उघडलं तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"काई नाई भाभी. रेतीचा टिप्पर गाळात फसला. सारं गाव सल्ला देऊन राहिलं. दोरी मातर एकाजवळ नाई."

पूल संपला. मोबाईलवर दोन ठिपके होते, एक भाभींचा आणि एक अब्बांचा. भाभींचा ठिपका हलत-हलत दुसऱ्याजवळ गेला आणि पुलापासून थोड्या अंतरावर दोन्ही एक झाले.

भाभींनी मान वर केली. रस्त्याला लागून सोयाबीनचं शेत होतं. मळणीयंत्र धडधडत होतं. त्याच्या धुराड्यातून कुटार, म्हणजे शेंगांचा भुसा, उडून बाजूला पडत होतं, आणि त्याचा ढीग माणसाच्या छातीइतका उंच झाला होता. सोन्यासारखा, भुसभुशीत. माणूस नव्हता. सायकल नव्हती. शेताचे मालक खुशालराव तोंडाला दुपट्टा बांधून उभे होते, चार बाया सोयाबीन टाकत होत्या.

"ओ दादा, इथं सायकलवाला कोणी..." जानराव यंत्राच्या आवाजावर ओरडले.

"हाव, आलता न! टोपीवाला बुढा. तुमचा कोण?"

"कुठी हाय?"

"मशीन बंद होतं तवा आला. तं कुटार हातानं दाबून पाहे. मले म्हणे, दादा, लय झ्याक हाय, पाच मिन्टं पडू का? म्या म्हटलं पड बाप्पा. आमी हिरीवर जेवाले गेलो."

"मंग?"

"मंग काय, आलो अन् मशीन चालू केलं."

"तो उठला होता?"

खुशालराव उत्तर द्यायला गेले आणि थांबले. त्यांनी बायांकडे पाहिलं. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. उठून जाताना त्याला कोणीच पाहिलं नव्हतं. धुराडं अजून कुटार फेकत होतं आणि ढीग त्यांच्या डोळ्यांसमोर वाढत होता.

"बंद कर! बंद कर बे मशीन!" जानराव ओरडले.

यंत्र थांबलं. एवढा वेळ कान बधीर झाले होते, आता एकदम सामसूम. भाभींनी फोन लावला.

ढिगाच्या आत फोन वाजला.

दबका, खोल, जमिनीतून आल्यासारखा. भाभी धावल्या. दुरून पाहायचं ठरलं होतं, जवळ जायचं नव्हतं, ते सारं त्या विसरल्या. गुडघ्यांवर पडून दोन्ही हातांनी कुटार उपसू लागल्या. कुटार असं असतं की एक ओंजळ काढावी तर वरून दोन ओंजळी घसरतात. नाकातोंडात भुसा गेला, हाताला कुसं टोचली. जानराव एका बाजूनं, खुशालराव दुसऱ्या बाजूनं. बायांपैकी एकीनं दाताळं आणलं, तर भाभी तिच्यावर ओरडल्या, "लोखंड नको! त्याहीले लागन!" मग सगळ्याच बाया हातांनी लागल्या. फोन वाजून बंद झाला. जानरावांनी पुन्हा लावला. पुन्हा वाजला, या वेळी जवळून. भाभींच्या हाताला कापड लागलं. त्यांनी धरलं, पण ओढायची हिंमत होईना. ओढलं आणि त्याच्यासोबत हात आला तर? इमाम जामीन बांधलेला?

खुशालरावांनीच ओढलं. बटवा निघाला. नुसता बटवा. आत फोन, आणि शिक्क्यांचं कार्ड.

तरी त्यांनी ढीग खालच्या काळ्या मातीपर्यंत उपसला. खाली काही नव्हतं, फक्त एक उंदीर होता, तोही घाबरून पळाला. खुशालराव मटकन खाली बसले आणि दुपट्ट्यानं घाम पुसत म्हणाले, "माय वं. जीव गेलता माहा." त्यानं येताना बाभळीला टेकवलेली सायकल जागेवर नाही, याचा अर्थ तेव्हा कुठं एका बाईच्या ध्यानात आला. म्हणजे झोप झाली, माणूस उठला, चालता झाला. बटवा मात्र कुटारात राहिला. मऊ दिसलं म्हणून थांबणारा माणूस मऊपणातच सारं विसरून गेला.

भाभी त्या भुशात बसून रडल्या आणि मध्येच हसल्या. मग त्यांची नजर कार्डावर गेली.

"भाऊ, कार्ड नसलं त शिक्का कायवर मारन?"

"चाला, मंग नेऊन देऊ."

"रस्त्यात देलं त बाद! कंट्रोलवर पाहिजे. त्याहीच्या आंधी."

व्हॅन पुन्हा निघाली. आता नवी भीती. तो खरंच पुढं आहे का? अशा झोपेत सायकल चालवणारा माणूस कोणत्या नाल्यात गेला असेल? आणि नाही गेला, तर आपल्याला पाहील. जानरावांची व्हॅन साऱ्या फैलात एकच, मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत 'दामिनी' लिहिलेली, त्यांच्या नातीचं नाव. लपवायची कशी?

रामतीर्थाच्या अलीकडे तो दिसला. लांब, काळ्या रस्त्यावर एक वाकलेली पाठ. सायकल सरळ जात नव्हती. डावीकडे जायची, उजवीकडे यायची, पांढऱ्या पट्टीवर येऊन पुन्हा सावरायची. भाभींच्या तोंडून आवाज निघणार होता, तो त्यांनी ओढणीत कोंबला.

"भाऊ, मांगंच राहा."

मागून कडबा भरलेला ट्रॅक्टर आला. जानरावांनी त्याला पुढं जाऊ दिलं आणि त्याच्या आडोशानं व्हॅन काढली. भाभी सीटच्या खाली बसल्या, पार पायाशी. तिथून त्यांना आकाशाचा तुकडा आणि जानरावांचा साबण लावलेला गाल दिसत होता. बाजूनं नवरा चालला होता, हाताच्या अंतरावर. चेनची करकर ऐकू आली. इतकंच म्हणायचं होतं, थांबा, डोळ्याला पाणी लावा. तेवढंही म्हणायची सोय नव्हती. चेनचा आवाज मागं पडला.

"पाह्यलं का त्याहीनं?"

"मान खालीच होती."

दर्यापूरच्या कंट्रोलवर, म्हणजे चहाच्या टपरीपुढं, टेबल टाकून रागिणीताई बसल्या होत्या. अमरावतीच्या दातांच्या डॉक्टर. केसांत कुटार, ओढणीला माती, सोबत अर्ध्या गालावर वाळलेला साबण असा माणूस, हे ध्यान पाहून त्या उभ्याच राहिल्या. भाभींनी टेबलावर कार्ड ठेवलं आणि काही न लपवता सारं सांगून टाकलं. ठिपका, टिप्पर, ढीग, ट्रॅक्टर. खोटं बोलून पचवायची त्यांची छाती नाही. खरं बोलायचीही नाही, पण ते आपोआप निघतं.

"रस्त्यात त्यांच्याशी बोललात?"

"नाई."

"काही दिलं? थांबलात?"

"नाई हो मॅडम. मी त खाली बसली होती. जवळून त्याहीले पाह्यलंसुद्दा नाई."

रागिणीताईंनी कार्ड उचललं, उलटंपालटं केलं. शिक्के सारे जागच्या जागी. भाभींनी टेबलाची कड धरून ठेवली होती.

"कार्ड हरवलं होतं, ते कंट्रोलवर आलं. कंट्रोलवर घरचे आले तर नियमात बसतं," त्या शेवटी म्हणाल्या. "पण ते स्वतः इथं वेळेत आले पाहिजेत. आणि यापुढे तुमची गाडी त्यांच्या मागं दिसली तर माझा इलाज नाही."

तेवढ्यात इनायतभाई आले. उतरले, कमरेला हात लावला आणि जागीच गोठले. बटवा नव्हता. त्यांनी अंगावरचे खिसे चाचपले, मागं रस्त्याकडे पाहिलं. मग टेबलाकडे नजर गेली आणि त्यांना भाभी दिसल्या. भाभींना वाटलं होतं, नवऱ्याचा चेहरा खुलेल. तो पडला, गेल्या वर्षी बूट टांगताना पडला होता तसाच. ते पुढं येईनात. सायकल धरून दुरूनच म्हणाले, "झालं का बाद?"

त्यांनी टेबलावरच्या कार्डाकडे नुसतं बोट केलं.

"या चाचा, शिक्का घ्या," रागिणीताई म्हणाल्या. "बाद नाही."

शिक्का बसला तसे ते टपरीच्या बाकावर बसले. भाभींनी पाणी दिलं. इथं चालत होतं.

"ट्रॅक्टरच्या मांगून व्हॅन गेली, तवाच वळखली म्या," ते हळूच म्हणाले. "डोयाच्या कोपऱ्यातून काचेवरची दामिनी दिसली. वाटलं, आता थांबते. आता थांबून डब्बा काढते. मंग मान वर केलीच नाई. वर केली असती अन् तू दिसली असती त म्या सोताच थांबलो असतो. लय भेव वाटलं."

"तुमाले?"

"त का तुलेच वाटते?"

भाभींनी त्यांच्या दंडावरची इमाम जामीनची गाठ चाचपून पाहिली. घट्ट होती. इनायतभाईंच्या फोनची बॅटरी संपलेली. टपरीवाल्याकडे चार्जर होता, पण वीज नव्हती. तो बंद फोन भाभींकडेच राहिला, म्हणजे पुढच्या रस्त्यावर ठिपकाही नाही. इनायतभाईंनी तिथंच बाकावर डोळे मिटले. भाभी ठरल्या वेळी त्यांना उठवायला समोर उभ्या राहिल्या. कंट्रोलवर उठवणंही चालतं, हे त्यांनी रागिणीताईंना दोनदा विचारून घेतलं होतं. उठवलं. ते गेले, अंधार पडायच्या आधी, मागचा लाल दिवा लावून. दिवा वळणावर दिसेनासा झाला. भाभींनी सवयीनं मोबाईल काढला. अब्बांचा ठिपका त्यांच्या स्वतःच्या ठिपक्यावर बसलेला होता.

त्या रस्त्यानं जायची सोय नव्हती. जानरावांनी व्हॅन दुसऱ्या वाटेनं, लांबून अमरावतीला नेली. तिथं शेवटच्या कंट्रोलच्या ओट्यावर भाभी बसल्या. इतर सायकलवाले येत होते, टाळ्या वाजत होत्या. दिव्यागणिक त्या उठायच्या आणि दुसऱ्याचाच माणूस पाहून खाली बसायच्या. कोणी तरी सांगितलं, वलगावच्या अलीकडे एक म्हातारा सायकल हाती धरून पायी चालला होता. कोणी म्हणालं, तो नव्हे, दुसरा. भाभींनी कोणालाच काही विचारलं नाही. विचारलं की उत्तर येतं.

नऊ वाजून गेल्यावर एक दिवा आला, वाकडातिकडा. तो ओट्यापाशी थांबला आणि सायकलीसकट आडवा व्हायला लागला, तेव्हा चार जणांनी धरला. कार्डावर शेवटचा शिक्का पडला. दर्यापूरचा कंट्रोल आटोपून आलेल्या रागिणीताईंनी कार्ड वर धरून सगळ्यांना दाखवलं, "सिरीज पूर्ण!" इनायतभाईंनी ऐकलं की नाही, कोण जाणे. ते ओट्याच्या फरशीवर बसले. तळहातानं फरशी एकदा दाबली, "कडक हाय," म्हणाले आणि बुटांसकट तिथंच आडवे होऊन झोपले.

लोक पांगले. जानरावांनी गाडीची चावी वाजवली. भाभी नवऱ्याच्या उशाशी बसल्या होत्या, नजर त्याच्या पोटावर. पोट वर गेलं, खाली आलं.

"भाभी, चाला न आता. झालं सारं."

"थांबा भाऊ," भाभी म्हणाल्या. "अजून एकडाव वर जाऊ द्या."